खालचा मजला

पहाटे साडेपाच. बिदगोश्च शहर, चौथा मजला.
बर्पी चाळीस. दोरीच्या उड्या तीनशे.
मग सोळा किलोची केटलबेल, मग जोर,
हात थरथरून नाही म्हणेपर्यंत.
सोफा भिंतीला तोंड करून उभा,
जणू शिक्षा त्यालाच झालीय.

आठवड्याचे सातही दिवस,
कायेतान गेल्यापासून.
माझा धाकटा भाऊ, एकेचाळीस वर्षांचा,
दोन मजले चढला
आणि जिन्यात बसला तो बसलाच.
त्याच्या पिशवीतली सफरचंदं
पायरी पायरी उतरत गेली, तेवढा आवाज मी ऐकला.
तेव्हापासून माझ्या हृदयाला मी रोज पळवते.
बसू देत नाही.

नोव्हेंबरात खालून ठोके आले,
झाडूच्या दांड्याचे, तीन.
दुसऱ्या दिवशी दांड्याचा मालकच दारात:
हिएरोनिम, लोकरीचा सदरा, एका पायात मोजा नाही.
मी भांडणाच्या तयारीत.
तो म्हणाला, "सदतीस वर्षं रेल्वेत होतो.
गाडी थांबली की हातोडी घेऊन
एकेक चाक ठोकत जायचं, कान लावायचा.
धड चाक गातं.
तडा गेलेलं नुसतं बोलतं.
बोगना, तुझा डावा पाय उजव्याच्या मागून पडतो.
सोमवारी थोडा. शनिवारी बराच."

मी म्हटलं, काही झालेलं नाही मला.
दार लावलं, आणि पँट वर करून
डावा गुडघा पाहिला,
पावासारखा फुगलेला.
दोन आठवडे मी त्याच्याकडे
बघायचं टाळत होते, इतकंच.

तर तह झाला. बुधवार आणि रविवार
खालच्या मजल्याचे.
त्या दिवशी उडी नाही, लोखंड नाही, फक्त चटई.
पहिल्या बुधवारी सूर्यनमस्कारही मी
शर्यत लावल्यासारखे घातले.
बारा, चोवीस, छत्तीस,
आणि घड्याळाकडे पाहिलं:
आता उरलेल्या वेळाचं करायचं काय?

रविवारी कपोतासन.
पुढचा पाय दुमडून त्यावर ओणवं व्हायचं
आणि राहायचं.
राहायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.
कमरेत गंजलेलं कुलूप.
पाच श्वास. सहाव्याला
जिन्यातला कोबीचा वास आला,
आणि ती सफरचंदं, टप्, टप्,
आमच्या दारावरून, हिएरोनिमच्या दारावरून,
थेट तळाशी.
मी उठले नाही. दोरी शोधली नाही.
चटईवर गाल, गालाखाली ओल,
आणि छातीत ते आपलं चाललेलं,
मी न हाकलता,
बहुधा मला न विचारताच एवढी वर्षं.

शवासनात पडले होते
तेव्हा खालून ठोका आला. एकच.
मी टाच आपटली, एकदा:
आहे.
नंतर जिन्यात भेटला तेव्हा कुरकुरला,
"तुझ्या उड्यांवर माझा चहा उकळायचा.
शांत दिवशी पाणी आटून जातं.
कळवत जा."

आता बुधवारी आणि रविवारी
सहा वाजता मी टाच आपटते,
त्याच्या चहासाठी.
बाकीचे दिवस आहेतच: बर्पी, पण बत्तीस.
आठ कुठे गेल्या, विचारू नका,
मला अजून त्यांची चुटपुट लागते.

काल उड्या संपवून खाली गेले,
घाम न पुसताच विचारलं,
डावा पाय?
त्याने किटलीखालचा गॅस बारीक केला,
डोकं जरासं कलतं केलं,
जणू अजून ऐकतोय.
"जवळजवळ," म्हणाला.